वरची रांग वाळते, खालची कुजते: उभ्या बागेचं पाणी दर महिन्याला बिघडतं तेव्हा

आधी लक्षणं सांगतो, तुमची बाग यात बसते का बघा. बाल्कनीच्या भिंतीला जाळी ठोकली, पाऊच किंवा कापलेल्या बाटल्या अडकवल्या, पाच-सहा रांगांची उभी बाग झाली. पहिले तीन आठवडे सगळं हिरवंगार. चौथ्या आठवड्यात वरच्या रांगेतल्या पानांच्या कडा कुरकुरीत होतात. तुम्ही पाणी वाढवता. वरची रांग तरारते, पण आता तळाच्या रांगेत पानं पिवळी पडतात, मातीवर शेवाळ धरतं, बारीक काळी चिलटं उडायला लागतात. तुम्ही पाणी कमी करता. वरची रांग परत माना टाकते. मेलेली रोपं उपटून नवी लावता आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

मी हा खेळ तीन वेळा खेळलो. दोन लिटरच्या २० बाटल्या, आडव्या पाच रांगा, दर रांगेत चार. पहिल्यांदा दोष मातीला दिला आणि सगळं मिश्रण बदललं. दुसऱ्यांदा रोपं बदलली. तिसऱ्यांदा खत बदललं आणि आपल्या हाताला गुणच नाही अशी स्वतःची समजूतही घातली. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, तसलाच प्रकार. खरी चूक अशी की वीस बाटल्यांना मी एक कुंडी समजत होतो. वरून पाणी सोडलं की ते झिरपत झिरपत खालपर्यंत जाईल आणि सगळ्यांचं भागेल, असा हिशेब. वरच्या बाटलीला दिवसभर ऊन-वारा, खालची कठड्याच्या सावलीत. वरच्या बाटलीतून जे गळेल ते खालचीचं पाणी. एवढ्या वेगळ्या परिस्थितीतल्या कुंड्या एका मापाने चालणार कशा?

म्हणून उपायाची दिशा एकच: प्रत्येक रांगेचं पाणी वेगळं मोजायचं, वेगळं द्यायचं आणि प्रत्येक रांगेचा निचरा वेगळा काढायचा. पण यातलं तुमच्याकडे नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय काही विकत आणू नका.

आधी मोजा, मग हात लावा

पेल्यांची चाचणी सगळ्यात उपयोगी. घरात ठिबक बसवलं असेल तर प्रत्येक रांगेतला एक ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी, पाऊचमधून बाहेर ओढा आणि त्याखाली एकसारखे पेले टांगा. दहा मिनिटं पाणी सोडा, बंद करा, पेल्यातलं पाणी मोजून लिहून ठेवा. रिकामे पेले लगेच परत त्याच जागी टांगा आणि पाणी बंद असतानाच आणखी दहा मिनिटं थांबा. हे दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. मीही घेतलं नव्हतं आणि त्यामुळे माझे दोन महिने फुकट गेले. का, ते पुढे सांगतो.

झारीने पाणी घालत असाल तर वजनकाटा लागेल. प्रत्येक रांगेतला एक पाऊच पाणी घालून अर्ध्या तासाने, म्हणजे गळणं थांबल्यावर, काढून वजन करा. मग दर सकाळी त्याच वेळी पुन्हा. रोप मान टाकायच्या बेतात आलं की त्या दिवशीचं वजनही लिहा. माझ्या एका बाटलीचं भरल्यावरचं वजन साधारण ९०० ग्रॅम आणि तहानेच्या वेळचं ५०० ग्रॅम. वरच्या रांगेतली बाटली उन्हाच्या दिवसांत दोन दिवसांत ५०० वर यायची. तळातली पाच दिवसांनीसुद्धा ७५० ला. आकडे तुमचे वेगळे येतील, पण दोन रांगांमधलं अंतर दिसल्यावर 'रोज सगळ्यांना एकेक पेला' हा नियम आपोआप डोक्यातून जातो. आठवडाभर असं केलं की पुढे काट्याची गरज पडत नाही, हातालाच वजन कळायला लागतं.

तिसरी तपासणी मुळांची, आणि ही जरा मन घट्ट करून करायची. तळाच्या रांगेतलं एक मलूल रोप मातीसकट बाहेर काढा. इथे भले भले फसतात, कारण कुजणारं रोप आणि तहानलेलं रोप वरून सारखंच दिसतं. दोघंही माना टाकतात. मुळं कुजली की माती ओलीचिंब असूनही रोपाला पाणी ओढता येत नाही, पानं लोंबतात, आपण म्हणतो बिचारं तहानलंय आणि अजून एक पेला ओततो. म्हणून एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं, ताणलं तर तुटतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. ओढलं की त्याची साल मोज्यासारखी सटकून बोटात येते आणि मागे केसासारखा बारीक धागा उरतो. मातीला डबक्यासारखा वास असतो. हे दिसलं तर त्या रोपाला पाणी नको, हवा हवी.

वर कमी, खाली जास्त

टाकी किंवा बादली वर ठेवून, पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी सोडणाऱ्यांसाठी हा भाग. बादलीतल्या पाण्याची पातळी वरच्या ड्रिपरपेक्षा समजा ३० सेंटिमीटर उंच आहे आणि रांगा एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. मग वरच्या ड्रिपरवर ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब, दुसऱ्यावर ६०, असं करत पाचव्यावर १५०. म्हणजे पाचपट. साध्या ड्रिपरमधून पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतं, त्यामुळे तळाला वरच्यापेक्षा सव्वादोनपट पाणी पडतं. माझ्या पेल्यांत दहा मिनिटांत वर ११० मिली आणि तळाला २५० मिली आलं, म्हणजे गणिताला धरूनच. ड्रिपर न लावता नुसती बारीक मायक्रोट्यूब सोडली असेल तर फरक याहून वाईट असतो, कारण तिच्यात प्रवाह जवळजवळ दाबाच्याच प्रमाणात वाढतो.

आणि बादली रिकामी होत जाते तसतसं हे अजून बिघडतं. पातळी उतरून वरच्या ड्रिपरपेक्षा फक्त पाच सेंटिमीटर उंच राहिली की वर पाच आणि खाली १२५. दाब पंचवीसपट, पाणी पाचपट. शेवटच्या दहा मिनिटांत वरची रांग उपाशी आणि खालची डुंबतेय.

'मग दाब भरून काढणारे ड्रिपर लावा', म्हणजे दाब कमी-जास्त असला तरी सारखंच पाणी सोडणारे, असा सल्ला हमखास मिळतो. बादलीवर तो चालत नाही. त्या ड्रिपरना नीट काम करायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो आणि एक बार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. आपली बादली दीड मीटरवर. एवढ्यात त्यांची आतली रबरी चकती कामालाच लागत नाही.

मला लागू पडलेला उपाय अगदी साधा निघाला. बाजारात साधे ड्रिपर ताशी दोन, चार आणि आठ लिटरचे मिळतात. हा आकडा सहसा एक बार दाबाचा असतो, बादलीवर त्यातून फार कमी येतं, पण एकमेकांतलं प्रमाण टिकतं. मी वरच्या दोन रांगांना चार लिटरचे ठेवले आणि खालच्या तिन्ही रांगांना दोन लिटरचे लावले. पुन्हा पेले टांगले. आता वर ११०, तळाला साधारण १२५. दुसऱ्या रांगेला थोडं जास्त पडतं, तिथे तहानलेली रोपं लावून टाकली. याच्या जोडीला बादली उथळ पण रुंद घेतली, म्हणजे पाणी संपत आलं तरी पातळी फार उतरत नाही. उंच निमुळता डबा या कामाला वाईट.

दर रांगेच्या सुरुवातीला छोटा कॉक बसवणं हाही मार्ग आहे. खालचे कॉक थोडे आवळायचे. पण बारीक फटीतून सोडलेलं पाणी कचऱ्याने लवकर अडतं आणि दर पंधरवड्याला पुन्हा जुळवत बसावं लागतं. मला कंटाळा आला.

पंप लावला तरी तेच?

पंप आला की वर-खालचा फरक बराच बुजतो, कारण मूळ दाबच जास्त असतो. वरच्या रांगेला एक बार मिळत असेल तर सव्वा मीटर खालच्या रांगेला फार तर दहाएक टक्के जास्त. तरीही वरची रांग वाळत असेल तर दोन जागा तपासा.

पहिली, पंपाच्या खोक्यावर लिहिलेली कमाल उंची. कारंज्याच्या छोट्या पंपावर १.५ मीटर लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, माझी वरची रांग दीड मीटरवरच आहे, बरोब्बर. त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. पाणी नळीत तिथपर्यंत चढून नुसतं उभं राहतं. बागेच्या उंचीच्या किमान दुप्पट कमाल उंचीचा पंप घ्या, आणि दाब भरून काढणारे ड्रिपर लावायचे असतील तर हे कारंज्याचे पंप विसराच.

दुसरी जागा म्हणजे पाणी बंद झाल्यानंतरची दहा मिनिटं, पेल्यांचं ते दुसरं माप. पंप थांबला की नळीत भरलेलं पाणी कुठे जातं? ते सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून बाहेर येतं, आणि वरच्या ड्रिपरमधून हवा आत शिरून त्याला वाट करून देते. सोळा मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १५० मिली पाणी मावतं. माझी नळी वळणं धरून सहा मीटर, म्हणजे पाऊण लिटरच्या वर. हे सगळं प्रत्येक वेळी तळाच्या चार बाटल्यांत. मी टायमर लावला होता दिवसातून चार वेळा, दोन-दोन मिनिटांचा. वाटलं होतं, थोडं थोडं पाणी रोपांना मानवेल. प्रत्यक्षात पहिलं अर्धं मिनिट नळी भरण्यात, शेवटी नळी रिकामी तळाच्या रांगेत, आणि हे दिवसातून चारदा. तळाची रांग कुजली नसती तरच नवल.

त्यावर मी पाळ्या कमी केल्या. चारऐवजी एकच, पण जास्त वेळ. नळीतलं पाणी एकदाच गळतं. शिवाय दर रांगेच्या तोंडाशी परतझडप बसवली, ज्याला दुकानात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, म्हणजे वरच्या रांगेतलं पाणी मुख्य नळीतून खाली उतरत नाही. झडप उघडायलाही थोडा दाब लागतो, म्हणून हे पंपवाल्यांनीच करावं, बादलीवाल्यांनी नको.

जाता जाता एक इशारा. टाकी वर आणि नळीचं तोंड खाली असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफन चालू राहतो आणि टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहतं. मी एका रात्रीत हे शिकलो, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवून शिकवलं. टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर, पण टाकीच्या आतच, नळीला सुईने बारीक भोक पाडलं की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना त्या भोकातून बारीक चिळकांडी उडेल, ती टाकीतच पडते.

उथळ पाऊच, त्यात ओला तळ

एक प्रयोग करून बघा, दोन मिनिटांचा आहे. भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा ठेवा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता हळूच लांब बाजूने उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. नुसती उंची वाढल्याने निचरा वाढला.

पाऊचमधल्या मातीचंही असंच असतं. तळाला भोक असलं तरी अगदी खालचा एक थर भिजलेलाच राहतो, कारण मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. या थराची जाडी मिश्रणावर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. समजा थर चार सेंटिमीटरचा आहे. पंचवीस सेंटिमीटरच्या कुंडीत मुळांना वर भरपूर हवेशीर जागा उरते. दहा सेंटिमीटरच्या आडव्या बाटलीत चाळीस टक्के माती कायमची चिखल. कुंडीत उत्तम चालणारं मिश्रण उभ्या बागेत कुजवतं ते यामुळे.

तळाला खडी घालायचा जुना रिवाज इथे उलटा पडतो. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे भिजलेला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. खडी काढून टाका. मिश्रण भरड करा: कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाटा निम्म्यावर आणा आणि बाकी पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), भाताचं तूस किंवा नारळाच्या सालीचे तुकडे, जे मिळेल ते. गांडूळखत पाचवा हिस्सा पुरे, ते जास्त झालं की चिखल होतो. वरच्या रांगेत मात्र कोकोपीट थोडं जास्त चालतं. एकाच घमेल्यात सगळ्या रांगांचं मिश्रण कालवायचा आळस मी आता सोडलाय.

आधीच लावलेल्या बागेत मिश्रण बदलणं शक्य नसेल तर वातीचा उपाय करा. नायलॉनची जाडसर दोरी किंवा फेल्टची बोटभर पट्टी तळाच्या भोकातून आत दोन-तीन सेंटिमीटर सरकवा आणि बाहेर सात-आठ सेंटिमीटर लोंबू द्या. स्पंज उभा धरल्यावर झालं तेच इथे होतं, वातीमुळे पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते आणि भिजलेल्या थरातलं पाणी वातीवाटे उतरतं. वात आधी ओली करून घाला, कोरडी वात पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. सुती नको, ती मातीत कुजते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाणी घालून तासभर झालेल्या, गळायची थांबलेल्या बाटलीतून वातीच्या टोकाला थेंब धरला, पडला, मग दुसरा. जवळजवळ अर्धा पेला भरला. हे सगळं पाणी इतके दिवस मुळांशी बसून होतं.

वरची माती पाणी घेतच नाही

कधी कधी पेल्यांची मापं बरोबर येतात, वरच्या रांगेला पुरेसं पाणी पडतं आणि तरीही ती वाळते. अशा वेळी पाणी घालून लगेच पाऊच उपसून बघा. वरचा पापुद्रा ओला, मधला गोळा कोरडा ठणठणीत. कोकोपीट मिसळलेली माती पूर्ण सुकली की आक्रसते, पाऊचच्या कडेपासून सुटते, आणि नंतर घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. तुम्हाला खालून पाणी गळताना दिसतं म्हणून वाटतं, भरपूर झालं. आणि गळलेलं ते पाणी जातं कुठे? खालच्या रांगेत, अर्थातच.

असा पाऊच जागेवर नीट भिजत नाही. काढून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पाऊच काढता येत नसतील तर थोडं पाणी घाला, पंधरा मिनिटांनी पुन्हा थोडं, मग उरलेलं. आधीच्या ओलीवर नंतरचं पाणी मुरतं. त्यानंतर वर वाळक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला आणि माती पुन्हा तितकी सुकू देऊ नका.

रोप सहा-आठ महिन्यांचं झालं असेल तर अजून एक शक्यता असते: पाऊचमध्ये माती उरलेलीच नसते, सगळी मुळंच. पाणी धरायला जागा नाही. स्पायडर प्लांट याबाबतीत फार खादाड, त्याच्या जाड मुळांचा गुंता बाटली फुगवतो. मुळं एक-तृतीयांश छाटून नव्या मातीत लावा.

खत वरून घातलं की कुठे जातं

एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी गळती ठेवलेल्या बागांमध्ये तळाच्या रांगेचा आणखी एक छळ होतो. वरच्या चार रांगांतून धुपलेले खतांचे क्षार तिथे साठतात. पानांची टोकं तपकिरी, जळल्यासारखी होतात, मातीवर आणि बाटलीच्या कडेला पांढरी पापडी धरते. पाणी जास्त झाल्याने पान आधी पिवळं आणि मऊ पडतं. क्षाराने टोक आधी जळतं आणि कोरडं असतं. एवढा फरक ओळखता आला तरी पुरे.

पापडी खरवडून काढा. तळाचे पाऊच उतरवून मातीच्या दोन-तीनपट साधं पाणी सावकाश ओतून धुवा आणि पुन्हा नीट निथळू द्या. नंतर खत प्रत्येक रांगेला स्वतंत्र द्या, पातळ करून. मालिका तोडायची असेल तर दर रांगेखाली अर्ध्या कापलेल्या पाइपची पन्हाळ किंचित उतार देऊन लावा आणि सगळ्यांचं पाणी एका बाजूच्या नळीने खालच्या बादलीत आणा. हे काम कटकटीचं आहे, माझा पूर्ण दिवस गेला, पण त्या दिवसानंतर खालच्या मजल्यावरून बेल वाजलेली नाही. बादलीतलं पाणी आठवड्यापेक्षा जास्त साठवू नका, डास होतात.

रोपांच्या जागा

हे सगळं करूनही वरच्या रांगेत नेचा लावला तर तो वाळणारच. बाल्कनीचा भरीव कठडा खालच्या दोन-तीन रांगांवर सावली धरतो आणि वाराही अडवतो, तर त्याच्या वरच्या रांगा पूर्ण उघड्या. मला हे कळायला मी दुपारी बारा, दोन आणि चार वाजता एकाच जागेवरून फोनने फोटो काढले. भिंतीवर कठड्याच्या सावलीची रेघ स्पष्ट दिसली. रेघ तिसऱ्या रांगेवरून जात होती. ती रेघ खडूने आखून घेतली आणि रोपं त्यावरून वाटली. वर पोर्टुलाका, सेडम, स्पायडर प्लांट, कारण पाणी चुकलं तरी ही तग धरतात. रेघेच्या आसपास मनीप्लांट आणि ट्रॅडेस्कॅन्शिया. खाली सिंगोनियम, पीस लिली, नेचे. पुदिना दुसऱ्या रांगेत, जिथे थोडं जास्त पाणी पडतं. त्याला ऊनही हवं आणि पाणीही.

एका रांगेत मात्र एकाच तहानेची रोपं ठेवा. सेडमच्या शेजारी पुदिना लावून दोघांना एकच ड्रिपर दिला, तर दोघांतलं एक जाणार हे नक्की.

चिलटांबद्दल दोन ओळी. ती मूळ दुखणं नसून ओल्या मातीची खूण आहेत. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात. पिवळे चिकट कागद लावून उडणारी चिलटं पकडता येतात, पण अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा असतो, म्हणून वरचा थर महिनाभर तरी मध्ये मध्ये सुकू द्यावा लागतो. मी कागद लावून आठवड्यात विजय जाहीर केला होता. पंधरा दिवसांनी नवी तुकडी हजर.

सगळं जुळलं आणि महिन्याने परत बिघडलं तर

बहुधा ड्रिपर तुंबलाय. पारदर्शक बादली किंवा पांढरी नळी असेल तर आत उजेड जाऊन शेवाळ धरतं आणि ते सुटून ड्रिपरमध्ये अडकतं. बादलीला काळा कागद गुंडाळा, नळी काळीच वापरा. पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. असे ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की मोकळे होतात. दोन जास्तीचे ड्रिपर घरात ठेवा, म्हणजे एक भिजत असताना दुसरा लावता येतो. महिन्यातून एकदा नळीच्या शेवटचं बूच काढून पाणी जोरात सोडा, आत साचलेला गाळ निघून जातो. आणि पेल्यांची चाचणी ऋतू बदलला की पुन्हा करा. ऊन भिंतीवर वर-खाली सरकतं, खडूची रेघही सरकते.

माझ्या बागेतल्या २० पैकी १९ बाटल्या गेलं वर्षभर ठीक चालल्यात. वरच्या रांगेतली डाव्या टोकाची बाटली मात्र कठडा आणि खांब यांच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याच्या बरोबर तोंडावर आहे. तिथे चार रोपं लावून झाली, सेडमसुद्धा. आता त्या बाटलीत कात्री, खुरपं आणि जास्तीचे ड्रिपर ठेवतो.